दात कोरून

माईची कवळी रात्री न्हाणीघरात झोपायची. तोंडातली वस्तू, म्हणजे उष्टी. तिला स्वयंपाकघरात थारा नव्हता. कान तुटलेला चिनीमातीचा कप, त्यात पाणी, पाण्यात ते गुलाबी-पांढरं हसू. लहानपणी पहाटे न्हाणीघरात जायची वेळ आली की त्या कपाकडे बघायचं नाही असं ठरवून मी आत शिरायचे आणि बघूनच बाहेर यायचे.

माई म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. मला कळायला लागल्यापासून तिला दात नव्हतेच. कवळी ती लग्नकार्यापुरती लावायची. एरवी भाकरी दुधात कुस्करायची आणि विडा लोखंडी खलबत्त्यात कुटून खायची. दुपारची जेवणं आटोपली की माजघरातून टकटक आवाज यायचा आणि पाठोपाठ कात-सुपारीचा वास.

दात पडले नव्हते, काढले होते. १९५६ साली, ती ३८ वर्षांची असताना, तोंडात होते तेवढे २७च्या २७, तीन खेपांत. आणि दुखत काय होतं, तर गुडघे आणि बोटांची पेरं. तालुक्याच्या गावच्या एका डॉक्टरने तिच्या तोंडात बॅटरी मारली आणि सांगितलं की दातांच्या मुळाशी पू आहे, त्याचं विष रक्तातून सांध्यांत उतरतंय, दात काढले की सांधे मोकळे होतील. आजोबांनी गाडी जुंपली.

सांधे मोकळे झाले नाहीत. पुढची ३१ वर्षं, म्हणजे जाईपर्यंत, रोज सकाळी माईला बोटं उघडायला तासभर लागायचा. अंथरुणावर बसून ती एकेक पेर चोळत राहायची.

आमच्या घरात ही गोष्ट विनोद म्हणून चालायची. कुणी पाय धरून बसलं की काका म्हणायचे, ‘‘जा, दात काढून ये.’’ पुढे मी जीवशास्त्राची शिक्षिका झाले आणि तोच विनोद वर्गात नेला. पटाशीचे दात, सुळे, उपदाढा, दाढा, दंतसूत्र २१२३ हे सगळं फळ्यावर लिहून झालं की शेवटची पाच मिनिटं माईची. अडाणी वैद्यकाचा नमुना म्हणून. मुलं हसायची. तीस वर्षं मी ती गोष्ट सांगितली, आणि त्या तीस वर्षांत आरशासमोर आ करून स्वतःच्या हिरड्या एकदाही पाहिल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी माझी तीन महिन्यांची साखर ७.९ आली. गोळ्या चुकल्या नव्हत्या, भात मोजून खात होते, चालणंही चालू होतं. आमचे डॉक्टर रिपोर्टवरून नजर न उचलता म्हणाले, ‘‘ताई, गोळी वाढवण्याआधी एक विचारतो. दात शेवटचे कधी दाखवले होते?’’ मला वाटलं, साखरेचं बोलून झालं, आता गप्पा सुरू झाल्या.

दातांची डॉक्टर माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलींच्या वयाची. तिने एक बारीक, बोथट टोकाची सळई काढली, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा. दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत ती सळई हलकेच उतरवायची, किती खोल जाते ते मोठ्याने म्हणायचं आणि मदतनीस मुलीने कॉम्प्युटरवर लिहायचं. एकेका दाताभोवती सहा जागा. ‘‘तीन, दोन, तीन. चार, तीन, पाच, रक्त. सहा, चार, सहा, रक्त.’’ आ वासून पडलेली मी पाढे ऐकत होते. तीनपर्यंत चालतं, चारपासून पुढे ती फट राहत नाही, खिसा होतो. दंतवैद्य त्याला पॉकेटच म्हणतात. माझ्या तोंडात असे बरेच खिसे निघाले, आणि रिकामा एकही नव्हता.

चूळ भरून मी म्हटलं, ‘‘पण ब्रश करताना थोडं रक्त सगळ्यांनाच येतं ना?’’

‘‘नाही, काकू. सगळ्यांना नाही येत.’’

बेसिनमधला गुलाबी फेस मला नवा नव्हता. ब्रश नवीन असेल, पेरू कडक होता, जोरात घासलं गेलं असेल, अशी त्याची बिनबोभाट व्यवस्था मी वर्षानुवर्षं लावली होती.

लेवेनहूकचं पत्र मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं, याचं आता वाईट वाटतं. १७ सप्टेंबर १६८३चं पत्र, लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेलं. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा हा कापडाचा व्यापारी भिंगं घासण्यात पटाईत. दात तो रोज मिठाने घासायचा, दाढा कोरणीने साफ करायचा, वर फडक्याने खसाखसा पुसायचा. आमच्या आळीत सहज खपून गेला असता. इतकं करूनही दाढांच्या फटीत कालवलेल्या पिठासारखं पांढरं काही उरतं, ते त्याने कोरून काढलं, पावसाच्या पाण्यात कालवलं आणि भिंगासमोर धरलं. आत चिमुकले जीव सुळसुळत होते. मग जन्मात दात न घासलेला एक म्हातारा गाठून त्याच्याही दातांवरचं घेतलं. तिथे तर जत्राच. आपल्या एकट्याच्या तोंडात जितके जीव आहेत तितकी माणसंही अख्ख्या नेदरलँड्समध्ये नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय. काही वर्षांनी पुन्हा पाहिलं तर पुढच्या दातांवर हालचाल दिसेना. त्याने तर्क केला, सकाळी मी कडकडीत कॉफी पितो, तिने मेले असणार. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. या गृहस्थाने दात कोरून तोंडातल्या जिवाणूंचं जग उघडलं. अर्थात हे जीव रोग करतात असं त्याच्या मनातही आलं नाही. ती खोड पुढच्यांची.

माणसांच्या तोंडांत मिळून जिवाणूंच्या ७००हून जास्त जाती सापडल्या आहेत. एकेकाच्या वाट्याला त्यांतल्या शे-दोनशे येतात. जिभेवरचे वेगळे, गालाच्या आतले वेगळे, दाताच्या माथ्यावरचे आणि मुळाशी दडलेले वेगळे. त्वचेची साल निघते, आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं, पण दाताचा पृष्ठभाग झडत नाही. एकदा बसलेला थर कुणी काढला नाही तर तिथेच राहतो, लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा होतो. तेच किटण.

दुसरी गोष्ट मला शिकवताना कधी सुचली नाही. आपल्या शरीराला आतून-बाहेरून अखंड अस्तर आहे. त्या अस्तराला भोक पाडून बाहेर आलेली टणक वस्तू म्हणजे दात, आणि अशी भोकं आपल्या तोंडात बत्तीस. प्रत्येक भोकाची सील म्हणजे हिरडीची दाताला धरून बसलेली बारीक कड. ती सांभाळायला शरीराने केवढा बंदोबस्त ठेवलाय! रोज अर्धा ते दीड लिटर लाळ, त्या लाळेत जिवाणूंना चिकटू न देणारी प्रतिपिंडं, त्यांची भिंत फोडणारं लायसोझाइम, त्यांच्या तोंडचं लोह पळवणारं लॅक्टोफेरिन. शिवाय निरोगी माणसाच्याही हिरडीच्या फटीतून लाखो पांढऱ्या पेशी सतत तोंडात उतरत असतात. वेशीवरचा पहारा म्हणा. लढाई नसतानाही पहारा असतोच.

मग मुलूख जातो कसा?

याचं उत्तर मला एका माणसाच्या दोन प्रयोगांत सापडलं. हाराल्ड ल्यू, मूळचा नॉर्वेचा दंतशास्त्रज्ञ. डेन्मार्कमध्ये काम करताना त्याने १२ निरोगी लोकांना, त्यांत बरेचसे विद्यार्थी, दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागलं. घासणं पुन्हा सुरू केलं, आठवडाभरात पूर्ववत. १९६५ साली हे छापून आलं. थर साचला की हिरडी सुजते, थर गेला की सूज जाते, इतकं स्वच्छ. इथवर कुणीही म्हणेल की घासा बाबांनो, संपलं.

पण ल्यू इथे थांबला नाही. १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षं त्याने आणि सहकाऱ्यांनी श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या ४८० मजुरांची तोंडं पुन्हा पुन्हा तपासली. यांच्यात दात घासण्याची पद्धतच नव्हती, दंतवैद्यही नव्हता. सगळ्यांच्या दातांवर थर, किटण; सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. म्हणजे सगळ्यांचेच दात हलून पडायला हवेत. तसं झालं नाही. शंभरातल्या ८ जणांची दातांखालची हाडं झपाट्याने विरघळली, पंचेचाळिशीच्या आत जवळजवळ सगळे दात गेले. ८१ जणांची झीज मध्यम चालीने झाली. आणि ११ जणांचं हाड हललंसुद्धा नाही. तेच मळे, तेच अन्न, तोच न घासलेला थर. सूज आली ती सूजच राहिली, पुढे सरकली नाही.

या अकरा टक्क्यांपाशी मी बराच काळ अडून बसले. जिवाणू सगळ्यांच्या वेशीवर होते. फरक आतल्या फौजेत होता.

कोरोनाच्या दोन वर्षांत आपण प्रतिकारशक्ती ‘वाढवण्या’साठी काय काय प्यायलो, ते आठवून पाहा. आमच्या घरात दालचिनी, सुंठ, गुळवेल, काळी मिरी असलेला काढा दिवसातून दोनदा. यजमानांना शेवटी पित्ताने उलट्या झाल्या. प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी, वर चढवलं की बरं, असा आपला समज. हिरडीचा रोग म्हणजेच पायोरिया हा समज मोडून काढतो. तिथे फौज कमी पडलेली नसते. ती नको तितकी पेटलेली असते, आणि तिला थांबायचं कळत नाही. दाताखालचं हाड जिवाणू खात नाहीत. ते विरघळवतात आपल्याच शरीरातल्या हाड खाणाऱ्या पेशी, आपल्याच पांढऱ्या पेशींनी धाडलेल्या निरोपावरून. शत्रू हटत नाही म्हटल्यावर स्वतःचा मुलूख बेचिराख करत मागे सरणारी फौज, तसं ते.

आणि शत्रूही काय नमुना! पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस नावाचा एक जिवाणू आहे. संख्येने तो तिथे मूठभरच असतो. एरवी जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या तोंडात तो एकटा सोडला तर हाडाला काही होत नाही. पण इतर नेहमीचे, निरुपद्रवी जिवाणू सोबत असले की तो पांढऱ्या पेशींची मारण्याची ताकद तेवढी बोथट करतो आणि त्यांचा दाह मात्र चालू ठेवतो. दाहाने मोडलेल्या पेशींचा माल सगळ्यांना खायला मिळतो. बघता बघता साधीभोळी वस्तीही गुंड होते. गल्लीतला एक दादा अख्ख्या आळीला कसा बिघडवतो हे ज्याने पाहिलंय, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

‘तळहाताएवढी उघडी जखम’ असं पायोरियाचं वर्णन दंतवैद्य पूर्वी करायचे. २००१ साली कुणीतरी नीट मोजमाप केलं तेव्हा ती साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर निघाली. तळहाताएवढी नाही, पोस्टाच्या दोन-चार तिकिटांएवढी म्हणू. पण ही जखम वर्षानुवर्षं उघडी राहते, तिच्यावर दिवसातून दोन-तीनदा आपण चावतो, आणि प्रत्येक चावण्याबरोबर थोडे जिवाणू रक्तात ढकलले जातात. बहुतेक वेळा यकृत आणि प्लीहा त्यांना काही मिनिटांत गाळून टाकतात. उरतो तो दाह. रक्तातून फिरणारे दाहाचे निरोप इन्सुलिनचं काम अवघड करतात, त्यामुळे साखर चढते; चढलेली साखर पांढऱ्या पेशींचं काम बिघडवते आणि हिरडी आणखी सुजते. ल्यूनेच १९९३ साली हिरडीच्या रोगाला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं, डोळे, मूत्रपिंड वगैरेंच्या पंगतीतली. माझे साखरेचे डॉक्टर गप्पा मारत नव्हते, हे मला इथे कळलं.

उपचाराने किती फरक पडतो? २०२२ साली ३५ चाचण्या एकत्र करून झालेल्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात, हिरड्या साफ केल्यावर तीन-चार महिन्यांनी तीन महिन्यांच्या साखरेचा तो आकडा सरासरी ०.४३ने उतरलेला दिसला. त्याआधी, २०१३च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत काहीच उतरला नव्हता, हेही सांगायला हवं. जादू नाही. पण दात साफ करून आणखी तोटा काय होणार आहे?

आता माईकडे यावं लागेल. टाळत होते.

माझ्या विनोदातला तो तालुक्याचा डॉक्टर त्याच्या काळचं वैद्यक शिकून आलेला होता, हे मला साठी उलटल्यावर उमगलं. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख या जंतुशास्त्रज्ञाच्या संगतीत काम केलेल्या विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्याने १८९१ साली तोंडातले जिवाणू शरीरभर रोग पसरवतात असं मांडलं. १९१० साली विल्यम हंटर हा लंडनचा डॉक्टर मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात बोलायला उभा राहिला आणि त्याने दंतवैद्यांची पार सालटी काढली. किडक्या, पू झालेल्या मुळांवर तुम्ही सोन्याच्या टोप्या चढवता, ही पुवावरची सोन्याची थडगी आहेत, म्हणाला. मग जी लाट आली तिला ‘फोकल इन्फेक्शन’ असं नाव. सांधे दुखतात, दात काढा. पोट बिघडलंय, दात काढा. डोकं फिरलंय, तरी दात काढा. न्यू जर्सीत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन याने तर वेडाचं मूळ दातांत आहे या खात्रीने रुग्णांचे दात उपटले, मग टॉन्सिल, मग मोठं आतडं. आतड्याच्या शस्त्रक्रियांत माणसं ढिगाने दगावली. त्याची खात्री इतकी पक्की की आपल्या मुलांचेही दात त्याने काढवले. १९३३ साली तो गेला. १९४० पर्यंत हिशेब मांडले गेले: दात काढूनही बहुतेकांचे सांधे होते तसेच होते. सिद्धांत मागे पडला. पण पुस्तकातून सिद्धांत निघून जाणं आणि डॉक्टरांच्या हातातून निघून जाणं यांत बरीच वर्षं जातात. माई त्या वर्षांत सापडली.

आणि मग, चूक कळल्यावर, वैद्यक दुसऱ्या टोकाला गेलं. तोंड सोडूनच दिलं. तशीही फारकत जुनीच. १८४० साली बाल्टिमोरमध्ये जगातलं पहिलं दंत महाविद्यालय वेगळं निघालं तेव्हापासून दातांचे डॉक्टर वेगळे, उरलेल्या देहाचे वेगळे. आपल्याकडच्या आरोग्य विम्याची पॉलिसी उघडा, गुडघा आहे, डोळा आहे, पित्ताशय आहे. दात बहुतेक वेळा ‘वगळलेल्या बाबीं’च्या यादीत. जणू दातांना रक्तपुरवठा दुसऱ्या कुणाच्या शरीरातून होतो.

मला छळतं ते वेगळंच. माईची ती सकाळची तासभर न उघडणारी बोटं. नुसत्या झिजेने सांधे दुखतात तेव्हा सकाळचा ताठरपणा बहुधा थोडा वेळ टिकतो. तासभर टिकला, बोटांच्या पेरांत असला, की आमवाताची, र्‍हुमॅटॉइड आर्थरायटिसची शंका घेतात. आमवात म्हणजे प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच सांध्यांवर धरलेला दावा. आणि पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस, तोच गल्लीतला दादा, याच्याकडे एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे जे आपल्या प्रथिनांचं रूप बारीकसं बदलतं. असं बदललेलं प्रथिन शरीराला परकं वाटू शकतं, आणि आमवाताच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात नेमकी अशाच बदललेल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात. २०२२ साली जॉर्ज हाजिशेनगालिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर आणखी एक दाखवलं. हिरडीच्या दाहाची आठवण अस्थिमज्जेत राहते. पायोरिया झालेल्या उंदराची मज्जा निरोगी उंदराला दिली, तर त्या दुसऱ्या उंदराचे सांधे जास्त सुजतात. ज्या तोंडात भांडण झालं तेही नाही, तो जिवाणूही नाही, फक्त भांडखोर स्वभाव गेला.

म्हणजे डॉक्टर सर्वस्वी चुकला नव्हता. दात आणि सांधे यांच्यात रस्ता आहे हे त्याने ओळखलं होतं. त्या रस्त्यावरून विष जातं असं त्याला वाटलं, म्हणून त्याने गाव उठवलं. प्रत्यक्षात जात होती चिथावणी, आणि ती जिथे पोहोचायची तिथे केव्हाच पोहोचली होती. २७ दात काढून काय उपयोग? किटण काढलं असतं, तरी तेव्हा कदाचित उशीरच झाला असता. पण निदान तिला तिच्या दातांनी कणीस खाता आलं असतं.

मी वर्गात मुलांना जिच्यावर हसवलं, ती गोष्ट अशी उलटी फिरली. हसलेली मुलं आता कुठे कुठे असतील, त्यांना बोलावून दुरुस्ती कशी सांगायची?

पण या नव्या माहितीचाही आता कॉटन होऊ लागलाय, म्हणून जरा हात आखडून लिहिते. व्हॉट्सअॅपवर रोज येतं: दात घासा, हार्ट अॅटॅक टाळा, दात घासा, विस्मरण टाळा. हृदयाच्या झडपांचं खरं आहे आणि जुनं आहे. ज्यांची झडप कृत्रिम आहे किंवा झडपेला आधी संसर्ग होऊन गेलाय, त्यांच्या झडपेवर तोंडातले स्ट्रेप्टोकोकस जाऊन घर करू शकतात. म्हणून माझी झडप बदललेली मैत्रीण दाढ काढण्याआधी तासभर अँटिबायोटिक घेते. हृदयविकाराच्या झटक्याचं इतकं सरळ नाही. १९८९ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी झटका आलेल्यांची तोंडं इतरांपेक्षा खराब असल्याचं दाखवलं, त्यानंतर तसंच पुष्कळांना दिसलं. पण जो दात सांभाळत नाही तो विडीही ओढत असतो, त्याच्याकडे पैसेही कमी असतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली सगळं तपासून म्हटलं: दोन्हींचा संबंध आहे, एकामुळे दुसरं होतं याचा पुरावा नाही. अल्झायमरचंही तसंच. २०१९ साली रुग्णांच्या मेंदूत पॉर्फिरोमोनास या दादाच्या खुणा सापडल्या, मोठा गाजावाजा झाला, त्याच्या विकरांना रोखणारं औषध तयार झालं. २०२१ साली चाचणीचा निकाल लागला. विस्मरण थांबलं नव्हतं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मात्र फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा तोंडातलाच जिवाणू २०१२पासून वारंवार सापडतोय, आणि २०२४ साली त्याचा एक विशिष्ट पोटप्रकारच तिथे जमतो असं दिसलं. तिथे अजून गोष्ट चालू आहे.

आणि सगळेच जिवाणू दादा नसतात. आपण पालक, बीट खातो, त्यातलं नायट्रेट लाळेतून पुन्हा तोंडात येतं. माणसाच्या पेशींना ते नीट वापरता येत नाही. जिभेच्या मागच्या भागातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, पुढे पोटात आणि रक्तात त्याचा नायट्रिक ऑक्साइड होतो, आणि तो रक्तवाहिन्या सैल सोडतो. लंडनमध्ये १९ निरोगी लोकांना आठवडाभर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या चुळा भरायला दिल्या. जिभेवरची ही मंडळी मेली आणि रक्तदाब २ ते ३.५ अंकांनी वर गेला. आमच्या यजमानांना रोज सकाळी निळ्या द्रवाने घसा खरवडून चूळ भरायची हौस होती, कोरोनापासूनची. शिवाय रक्तदाबाची गोळी. हे वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, ‘‘म्हणजे जंतू ठेवायचे की मारायचे, एकदा ठरवा.’’ दातांच्या डॉक्टरने सांगितलं तेव्हाच आणि तेवढेच दिवस, इतकं आम्ही ठरवलं. बाटली आता बेसिन धुवायला वापरतो.

जुन्यांना सगळं ठाऊक होतं, हे वाक्य मला लिहायचं नाही. माझ्या काकू मशेरी लावायच्या, तव्यावर तंबाखू भाजून घोटलेली. त्यालाही ‘दात घासणं’च म्हणत. पण वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथातला दिनचर्येचा अध्याय वाचताना एका जागी थबकले. रुई, वड, खैर, करंज यांची काडी, करंगळीच्या टोकाइतकी जाड, बारा अंगुळं लांब, तीही हिरडीला इजा न करता चावावी, असं सांगून वाग्भट पुढे कुणी दातवण करू नये त्यांची यादी देतो. अजीर्ण झालेला, ताप आलेला, तोंड आलेला, आणि हृदयाचा रोगी. का, ते त्याने लिहिलेलं नाही. त्यातून झडपेचे जंतू काढण्याचा मोह मी आवरला.

माझ्या हिरड्या चार बैठकांत साफ झाल्या. बधिर करून, दाताच्या मुळांवरून खरवडून. डॉक्टर बाईंनी किटणाचा एक तुकडा चिमट्यात धरून दाखवला, काळपट हिरवा, तांदळाच्या कणीएवढा. जर्मनीतल्या एका मध्ययुगीन मठात पुरलेल्या बाईच्या किटणात संशोधकांना निळ्या लाजवर्दी दगडाची पूड सापडली होती. ती पोथ्या रंगवत असावी आणि कुंचला ओठांत धरून टोकदार करत असावी. माझ्या किटणात काय सापडेल? खडूची भुकटी, बहुतेक.

तीन महिन्यांनी साखर ७.४. त्यात हिरड्यांचा वाटा किती आणि पावसाळा संपून पुन्हा नीट चालायला लागले त्याचा किती, कोण सांगणार. सळई पुन्हा आत उतरली. ‘‘तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार.’’ पाढा सुधारला होता. फक्त खालच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या दाढेपाशी ती थांबली. ‘‘आठ, सात, नऊ, पू.’’ एक्स-रे दाखवला. दाढेखाली हाडाऐवजी काळोख होता. ‘‘काकू, ही काढावी लागेल.’’

‘‘का?’’ मी विचारलं. तिने सांगितलं. मी पुन्हा विचारलं, दुसरा काही उपाय? तिने तोही सांगितला, त्याचा खर्च सांगितला, तो केला तरी दाढ किती टिकेल तेही सांगितलं. अर्धा तास गेला. बाहेर दोन पेशंट खोळंबले होते. मग मी हो म्हटलं.

दाढ तिने कापसात गुंडाळून हातात दिली. घरी आणून ओट्यावर ठेवली आणि पंचाईत झाली. पहिला दुधाचा दात पडला तेव्हा माईने मला अंगणात नेऊन तो कौलांवर भिरकवायला लावला होता, उंदीरमामाला हाक मारून. आमच्या इमारतीला कौलं नाहीत. दाढ दोन दिवस तशीच होती, मग माईचा खलबत्ता माळ्यावरून काढला, हल्ली त्यात मी वेलची कुटते, आणि आठवत बसले की १९५६ साली, त्या तीन खेपांत, गाडीतून परत येताना माईचे २७ दात कुणी आणले होते का? की तिथेच राहिले, कुठल्या तरी तसराळ्यात?

वडिलांना विचारायला हवं होतं. काकांनाही. आता ते सांगू शकेल असं घरात कुणी उरलेलं नाही.